रेल्वेची मालकी कोणाची आणि झाडू कोणाच्या हातात?

ज्या देशाने जगाला रेल्वे दिली, त्याच देशाने रेल्वेच्या खासगीकरणाचा सर्वात मोठा गाजावाजा केला. तो देश म्हणजे ब्रिटन. आज तोच ब्रिटन आपल्या प्रवासी गाड्या एकामागून एक पुन्हा सरकारी मालकीत घेतो आहे. २८ नोव्हेंबर २०२४ रोजी तिथे प्रवासी रेल्वे सार्वजनिक मालकीत आणणाऱ्या कायद्यावर राजाची मोहोर उमटली. २५ मे २०२५ रोजी साऊथ वेस्टर्न रेल्वे सरकारकडे आली, २० जुलैला सी-टू-सी आली, १२ ऑक्टोबरला ग्रेटर अँग्लिया आली. उरलेल्या कंपन्यांचे करार जसजसे संपतील तसतशा त्याही येणार आहेत. करार संपल्यावर कंपनीला नवा करार द्यायचाच नाही, एवढाच हा साधा मार्ग आहे. त्यामुळे त्यासाठी कंपन्यांना नुकसानभरपाई म्हणून मोठी रक्कम मोजावी लागत नाही.

खासगीकरण म्हणजे प्रगती, सरकारी म्हणजे सडलेले, असा मंत्र आपल्याला गेली पस्तीस वर्षे रात्रंदिवस ऐकवला जातो. आता तो मंत्र ज्यांनी लिहिला त्यांच्याच घरात तो खोटा ठरला आहे. तरीही या घटनेकडे आंबेडकरी तरुणाने केवळ टाळ्या वाजवून पाहू नये. कारण आपल्या चळवळीत या प्रश्नावर दोन चुकीच्या भूमिका दिसतात. एक भूमिका म्हणते, सरकारी रेल्वे म्हणजे सवर्ण नोकरशाहीचे कुरण आहे, बाजाराला जात नसते, खासगी येऊ द्या. दुसरी भूमिका डाव्या मित्रांकडून उसनी घेतलेली आहे. ती म्हणते, एकदा राष्ट्रीयीकरण झाले की शोषण संपले. या दोन्ही भूमिका बाबासाहेबांच्या कसोटीवर टिकत नाहीत. का टिकत नाहीत, ते ब्रिटनच्या उदाहरणावरूनच पाहू.

ब्रिटनमध्ये नेमके काय घडले?

दुसऱ्या महायुद्धानंतर ॲटलींच्या मजूर पक्षाच्या सरकारने १९४७ चा वाहतूक कायदा केला आणि १ जानेवारी १९४८ पासून चार मोठ्या खासगी रेल्वे कंपन्या राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या. पुढची साडेचार दशके ब्रिटिश रेल सरकारी राहिली. मग १९९३ मध्ये जॉन मेजर यांच्या हुजूर पक्षाच्या सरकारने रेल्वे कायदा आणला आणि एका संस्थेचे तुकडे केले. रूळ, सिग्नल, स्थानके रेलट्रॅक नावाच्या कंपनीकडे गेली आणि १९९६ मध्ये तिचे शेअर बाजारात विकले गेले. गाड्या चालवण्याचे काम पंचवीस फ्रँचायझींत वाटले गेले. डबे आणि इंजिने तीन वेगळ्या कंपन्यांना विकली आणि त्या कंपन्या तीच गाडी, तोच डबा गाडी चालवणाऱ्यांना भाड्याने देऊ लागल्या. म्हणजे जनतेच्या पैशाने बांधलेला डबा विकायचा आणि मग त्याच डब्याचे भाडे जनतेच्या तिकिटातून आणि करातून भरायचे!

याचा परिणाम काय झाला? १७ ऑक्टोबर २००० रोजी हॅटफिल्डजवळ धावत्या गाडीखाली रूळ तुटला. चार माणसे मेली. त्या रुळाला भेगा पडल्याची माहिती आधीपासून होती, पण रूळ वेळेवर बदलला गेला नाही. रुळाची मालकी एकाकडे, देखभालीचे कंत्राट दुसऱ्याकडे, वर धावणारी गाडी तिसऱ्याची. अपघातानंतर देशभर गाड्यांचा वेग कमी करावा लागला, कारण आणखी कुठे कुठे भेगा आहेत याची नीट नोंदच रेलट्रॅककडे नव्हती. वर्षभरात, ऑक्टोबर २००१ मध्ये, रेलट्रॅक दिवाळखोरीच्या प्रशासनाखाली गेली. २००२ मध्ये तिची जागा नेटवर्क रेल या नफा न वाटणाऱ्या संस्थेने घेतली आणि २०१४ मध्ये ती संस्था अधिकृतपणे सरकारी क्षेत्रात मोजली जाऊ लागली. तेव्हा तिच्या डोक्यावर ३० अब्ज पौंडांहून अधिक कर्ज होते आणि ते कर्ज सरकारच्या हिशेबात आले. रूळ खासगी असताना लाभांश भागधारकांनी घेतला. रूळ बिघडल्यावर कर्ज करदात्यांच्या वाट्याला आले.

गाड्यांचीही तीच गत झाली. लंडन ते एडिंबरा या पूर्व किनाऱ्याच्या मार्गावर २००७ पासून एकामागून एक तीन खासगी चालक मधेच बाहेर पडले. जास्त बोली लावायची, कंत्राट घ्यायचे आणि अंदाज चुकला की किल्ल्या सरकारच्या टेबलावर ठेवून निघून जायचे. २००९ ते २०१५ या काळात हाच मार्ग सरकारी कंपनीने चालवला आणि सरकारी तिजोरीला एक अब्ज पौंडांहून अधिक रक्कम दिली. म्हणजे 'सरकारला गाडी चालवता येत नाही' हा दावा त्याच रुळावर खोटा ठरला. तरीही २०१५ मध्ये तो मार्ग पुन्हा खासगी हातात दिला गेला. तीन वर्षांत तो प्रयोगही कोसळला आणि जून २०१८ मध्ये मार्ग परत सरकारकडे आला. हा हट्ट अर्थशास्त्राचा असता तर २०१५ मध्ये सरकारने असे केलेच नसते. हा हट्ट विचारसरणीचा आणि वर्गहिताचा होता.

यातली सर्वात मोठी गंमत पाहा. १९९३ च्या कायद्याने ब्रिटनच्या स्वतःच्या सरकारी संस्थांना फ्रँचायझी घेण्यास बंदी घातली होती. पण परदेशी सरकारांच्या कंपन्यांना बंदी नव्हती! मग डच सरकारी रेल्वेची अबेलिओ कंपनी स्कॉटलंडमध्ये गाड्या चालवू लागली, जर्मन सरकारी रेल्वेच्या मालकीची अरायव्हा उत्तर इंग्लंडमध्ये आली आणि इटलीच्या सरकारी रेल्वेने सी-टू-सी विकत घेतली. इंग्रज प्रवाशाच्या तिकिटातला नफा डच, जर्मन आणि इटालियन सरकारी कंपन्यांकडे जायचा. ज्यांना सरकारी मालकीचा तिटकारा होता, त्यांना दुसऱ्याच्या सरकारची मालकी चालत होती. चालत नव्हती ती फक्त आपल्या लोकांची मालकी.

खासगीकरणाच्या समर्थकांकडे एक आकडा आहे आणि तो आपण लपवू नये. १९९४-९५ मध्ये ब्रिटनमध्ये वर्षाला सुमारे ७३.५ कोटी रेल्वे प्रवास होत. २०१८-१९ पर्यंत ते १७० कोटींच्या पुढे गेले. पण या काळात शहरांतला रोजगार वाढला, रस्ते तुंबले, आणि रेल्वेला सरकारी अनुदान मिळतच राहिले. उत्तर आयर्लंडची रेल्वे तर कधी खासगी झालीच नाही, तिथेही प्रवासी वाढले. मग प्रवासी वाढल्याचे श्रेय मालकाला कसे देणार? आणि २०२० च्या मार्चमध्ये कोविड आला तेव्हा या कर्तबगार मालकांनी काय केले? फ्रँचायझीचे करार बाजूला ठेवले गेले, तिकिटाचे उत्पन्न आणि खर्चाचा सगळा धोका सरकारने स्वतःवर घेतला आणि कंपन्यांना गाडी चालवण्याची फी मिळत राहिली. धोका पत्करतो म्हणून नफा घेतो, असे भांडवलदार सांगतो. धोका आला तेव्हा तो धोका घेणारा सरकारच निघाला.

१९४७ ची दोन कागदपत्रे

इथे आंबेडकरी वाचकाने थांबून एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. ब्रिटनने रेल्वेचे राष्ट्रीयीकरण केले ते १९४७ च्या साध्या कायद्याने. संसदेत बहुमत होते, कायदा झाला. १९९३ मध्ये दुसऱ्या पक्षाचे बहुमत होते, कायदा उलटला. २०२४ मध्ये पुन्हा बहुमत बदलले, पुन्हा कायदा. उद्या आणखी कोणी येईल आणि हाही कायदा फिरवेल.

त्याच १९४७ साली, मार्च महिन्यात, बाबासाहेबांनी शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने संविधान सभेसमोर 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन ठेवले. त्यात त्यांनी मागितले की मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, विमा ही राज्याची मक्तेदारी असावी, शेती हा राज्याचा उद्योग असावा. एवढे मागणारे तेव्हा इतरही होते. बाबासाहेबांचे वेगळेपण पुढच्या मुद्द्यात आहे. ही रचना संसदेच्या बहुमतावर सोडू नका, ती संविधानातच लिहा, असे त्यांनी सांगितले. आज आलेले बहुमत उद्या जाते आणि जाताना आधीच्याने उभारलेले मोडून जाते, हा धोका त्यांनी ओळखला होता. आर्थिक रचना जर संविधानाने ठरवली नाही तर राजकीय लोकशाही मालकवर्गाच्या हाती खेळणे होईल, हा त्यांचा युक्तिवाद होता.

ब्रिटिश रेलचा १९४७ ते २०२४ हा सगळा प्रवास म्हणजे बाबासाहेबांच्या त्या एका मुद्द्याचा पुरावा आहे. ब्रिटनला तो धडा शिकायला सत्त्याहत्तर वर्षे लागली, आणि तरीही तो अर्धाच शिकला. नव्या कायद्यानंतरही डबे भाड्याने देणाऱ्या कंपन्या खासगीच आहेत, मालवाहतूक खासगीच आहे. साऊथ वेस्टर्नची सरकारी झालेली पहिली गाडी पहाटे वोकिंगहून निघाली, पण रुळाच्या कामामुळे प्रवाशांना पुढचा टप्पा बसने गाठावा लागला, अशी बातमी तिथल्या वर्तमानपत्रांनी चवीने छापली. मालकी बदलली म्हणून रूळ एका रात्रीत दुरुस्त होत नाही. पण आता त्या रुळाबद्दल जाब कोणाला विचारायचा हे प्रवाशाला ठाऊक आहे.

सरकारी रेल्वेतही जात होती, वर्ण होता

आता दुसऱ्या भूमिकेकडे येऊ. राष्ट्रीयीकरण झाले की शोषण संपले, हे खरे आहे का?

१९६६ साली ब्रिटिश रेल पूर्णपणे सरकारी होती. डॉमिनिका या कॅरिबियन बेटावरून आलेले ॲस्क्विथ झेवियर हे लंडनच्या मेरिलबोन स्थानकावर गार्ड होते. त्यांनी युस्टन स्थानकावर बदली मागितली. नकार मिळाला, कारण त्यांचा रंग काळा होता. युस्टनमधल्या कर्मचाऱ्यांच्या स्थानिक समितीनेच काळ्यांना घ्यायचे नाही असे ठरवले होते आणि व्यवस्थापनाने ते चालू दिले होते. भांडवलदार तिथे नव्हता, खासगी मालक नव्हता. रेल्वे राष्ट्राची होती आणि वर्णभेद कामगारांच्याच समितीतून आला होता. त्या वेळी ब्रिटनच्या वंशभेदविरोधी कायद्यात नोकरीचा समावेशही नव्हता. पण प्रकरण बाहेर आले, संसदेपर्यंत गेले, वाहतूक मंत्री बार्बरा कॅसल यांना लक्ष घालावे लागले आणि ब्रिटिश रेलला ती बंदी उठवावी लागली. ऑगस्ट १९६६ मध्ये झेवियर युस्टनवर कामाला लागले. दोन वर्षांनी, १९६८ च्या कायद्याने, नोकरीतला वंशभेद बेकायदा ठरला.

ही गोष्ट वाचून मनमाड आठवले नाही तर आपण आंबेडकरी कसले?

१२ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतील दलित वर्गाच्या कामगारांची परिषद भरली होती. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, ही बाबासाहेबांची प्रसिद्ध मांडणी त्याच परिषदेतली. ती आपण हजारदा पोस्टरवर छापतो, पण एक तपशील विसरतो. तेव्हा जी.आय.पी. रेल्वे खासगी कंपनीची राहिलेली नव्हती. ॲकवर्थ समितीच्या १९२१ च्या अहवालानंतर, १९२५ सालीच सरकारने तिचा कारभार स्वतःकडे घेतला होता. म्हणजे मनमाडमध्ये बाबासाहेब बोलत होते ते सरकारी रेल्वेबद्दल.

आणि ते काय सांगत होते? अस्पृश्य कामगार गँगमन म्हणून रुळावर राबतो आणि गँगमन म्हणूनच संपतो, त्याला बढती नाही. त्याला पोर्टरची साधी नोकरीही मिळत नाही, कारण स्टेशनमास्तर पोर्टरला घरच्या कामालाही वापरतो आणि सवर्ण स्टेशनमास्तरला आपल्या घरात अस्पृश्य नको असतो. कापड गिरण्यांतही हेच होते, विणकाम खात्याचे दार बंद. आणि कामगारांची एकजूट सांगणाऱ्या युनियन या अन्यायावर गप्प. बाबासाहेबांनी हे सगळे सरकारी रेल्वेच्या कामगारांसमोर मांडले. मालक बदलून जात मरत नाही, हे त्यांना आपल्यापेक्षा आधी कळले होते. म्हणून डाव्या मित्रांना आपण नम्रपणे पण ठाम सांगितले पाहिजे : तुमच्या राष्ट्रीयीकरणाला आमचा पाठिंबा आहे, पण तुमचे राष्ट्रीयीकरण जिथे संपते तिथून आमचा लढा सुरू होतो.

मग सरकारी आणि खासगीत फरक काय?

फरक आहे, आणि तो जीवनमरणाचा आहे. सरकारी रेल्वे 'राज्य' असते. संविधानाचा अनुच्छेद १२ तिला लागू होतो, म्हणून अनुच्छेद १४, १६ आणि १६(४) लागू होतात. म्हणून तिथे बिंदुनामावली असते, अनुशेष मोजता येतो, न्यायालयात जाता येते. खासगी कंपनीच्या दारावर अनुच्छेद १६ घेऊन गेलात तर वॉचमन बाहेर काढेल.

भारतातल्या आरक्षणाचा न्यायालयीन इतिहास काढून पाहा, त्यात रेल्वे ठिकठिकाणी भेटते. बढतीतही आरक्षण देता येते असा निकाल १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिला, तो रंगाचारी खटला दक्षिण रेल्वेचा. १९८१ चा अखिल भारतीय शोषित कर्मचारी संघाचा खटला, ज्यात न्या. कृष्ण अय्यर यांनी आरक्षणाची बाजू उचलून धरली, तोही रेल्वेचाच. १९९२ मध्ये इंद्रा साहनी निकालाने बढतीतले आरक्षण थांबवले तेव्हा १९९५ ची सत्त्याहत्तरावी घटनादुरुस्ती आणून १६(४क) घालावे लागले. त्याच वर्षी वीरपाल सिंह चौहान खटल्यात ज्येष्ठतेचा वाद लढला गेला, तो रेल्वेच्या गार्डांचा. कधी जिंकलो, कधी हरलो, पण लढता आले. रेल्वे सरकारी होती म्हणून मनमाडचा गँगमन बढतीसाठी सर्वोच्च न्यायालयाच्या दारापर्यंत जाऊ शकला. झेवियरही मंत्र्याला जाब विचारू शकले ते याच कारणाने. सार्वजनिक मालकी म्हणजे न्याय असे नाही. पण न्याय मागायला एक दार तिथे असते, आणि दार नसेल तर धडक कुठे देणार?

बाजाराला जात नसते म्हणणाऱ्यांना एक साधा प्रश्न आहे. देशातल्या बड्या खासगी कंपन्यांच्या संचालक मंडळांवर किती अनुसूचित जाती-जमातींचे लोक बसतात, हे त्या कंपन्या स्वतःहून जाहीर का करत नाहीत? सरकारकडून हा आकडा आपण माहिती अधिकारात मागू शकतो. कंपनीकडून मागून पाहा.

न विकता विकण्याची कला

आपल्याकडचे राज्यकर्ते ब्रिटनपेक्षा हुशार आहेत. ते रेल्वे विकत नाहीत. ते रेल्वेच्या आत बाजार भरवतात.

२०१५ मध्ये विवेक देवरॉय समितीने खासगी चालकांना वाट देण्याची शिफारस केली. २०१६ पासून राजधानी, शताब्दी, दुरांतोला मागणीप्रमाणे वाढणारे भाडे लागू झाले. १९२४ पासून चालत आलेला स्वतंत्र रेल्वे अर्थसंकल्प २०१७ मध्ये बंद झाला आणि संसदेत रेल्वेवर बोलण्याचा एक हक्काचा दिवस गेला. मार्च २०२० मध्ये ज्येष्ठ नागरिकांची सवलत काढून घेतली. जुलै २०२० मध्ये, देश टाळेबंदीच्या धक्क्यातून सावरतही नव्हता तेव्हा, १०९ मार्गांवर १५१ गाड्या पस्तीस वर्षांसाठी खासगी कंपन्यांना देण्याची योजना जाहीर झाली. त्यात भाडे ठरवण्याची मोकळीक कंपनीला होती. २०२१ मध्ये निविदा उघडल्या तेव्हा फक्त दोनच बोलीदार पुढे आले आणि त्यातली एक होती रेल्वेचीच आयआरसीटीसी! योजना गुंडाळावी लागली. भांडवलदारांना गाडी नको होती, त्यांना खात्रीचा नफा हवा होता. ही जुनी सवय आहे. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली तीसुद्धा ज्या कंपनीने चालवली तिला भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी होती. तोटा झाला तर तो हिंदी रयतेच्या करातून भरून निघायचा. विदर्भात यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही कापूस वाहण्यासाठी टाकलेली 'शकुंतला' तर स्वातंत्र्यानंतरही कितीतरी दशके खासगी कंपनीच्या मालकीची राहिली. गाडी भारतीय रेल्वेने चालवायची आणि पैसे कंपनीला द्यायचे.

पण आपल्या माणसावर सर्वात मोठा घाव घातला तो कंत्राटाने. स्थानकाची सफाई, डब्यांची सफाई, चादरी-ब्लँकेटे धुणे, जेवण : यातले बहुतेक काम आज कंत्राटदाराकडे आहे. कंत्राटदाराच्या मजुरांच्या यादीला बिंदुनामावली नाही. तिथे आरक्षण नाही, पेन्शन नाही, बढती नाही. आणि तरी त्या यादीत झाडू कोणाच्या हातात दिसतो? हे आरक्षणाशिवायचे 'शंभर टक्के आरक्षण' कोणी कधी न्यायालयात आव्हान दिले आहे काय? २०१३ च्या हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणाऱ्या कायद्याला व्याख्येत रेल्वे रुळाचे नाव वेगळे लिहावे लागले, यातच सगळे आले. जगातल्या मोठ्या रेल्वेंपैकी एक असलेली ही रेल्वे दशकानुदशके मैला रुळावर टाकत राहिली आणि तो उचलायला एका जातीचे हात गृहीत धरत राहिली. आता डब्यांत जैव शौचालये आली. पण त्या हातांना कायमची नोकरी आली काय?

दुसरीकडे, २०१९ मध्ये रेल्वेच्या सर्वात खालच्या श्रेणीच्या एक लाखाच्या आसपास जागांसाठी एक कोटीहून अधिक तरुणांनी अर्ज केले. त्यात आपली पोरे किती होती हे प्रत्येक वस्तीतल्या अभ्यासिकेत जाऊन विचारा. कंत्राटात गेलेली प्रत्येक जागा म्हणजे त्या अभ्यासिकेतल्या एका पोराच्या पुढ्यातून उचललेले ताट आहे.

सहा डिसेंबरची गाडी

सार्वजनिक मालकी म्हणजे काय, हे ज्याला अर्थशास्त्रातून समजत नाही त्याने ६ डिसेंबरला दादर स्थानक पाहावे. नागपूरहून, मराठवाड्यातून, खानदेशातून लाखो लोक चैत्यभूमीकडे येतात. मध्य रेल्वे त्यासाठी विनाआरक्षित विशेष गाड्या सोडते. त्या अपुऱ्या असतात, गर्दी गुदमरवणारी असते, आणि काही पांढरपेशे मुंबईकर दरवर्षी नाक मुरडतात. पण गाड्या सुटतात. का सुटतात? कारण रेल्वे लोकांची आहे आणि लोकांनी ती मागणी वर्षानुवर्षे लावून धरली आहे.

आता खासगी चालकाच्या नजरेने तोच दिवस पाहा. मागणी प्रचंड, जागा कमी. त्याचे संगणक त्या दिवशी तिकीट चौपट करतील. शेतमजुरीवर जगणारी आई, जी वर्षभर पैसे साठवून बाबासाहेबांना वंदन करायला येते, ती त्याच्या हिशेबात ग्राहकच नाही. विनाआरक्षित डबा हा त्याच्यासाठी तोटा आहे. धम्मचक्र प्रवर्तन दिन असो की भीमा कोरेगाव, आपले सगळे सांस्कृतिक जीवन स्वस्त सार्वजनिक वाहतुकीवर उभे आहे. ती गेली तर आपण एकमेकांपासून तुटू. विनाआरक्षित डबे कमी करून वातानुकूलित डबे वाढवण्याचा प्रश्न म्हणूनच केवळ प्रवाशांच्या सोयीचा नाही, तो आपल्या एकत्र येण्याच्या हक्काचा आहे.

आपण काय मागायचे?

ब्रिटनने गाड्या परत घेतल्या याचा आनंद जरूर माना. पण आपल्या मागण्या ब्रिटनच्या पुढच्या असल्या पाहिजेत.

पहिली : रेल्वे ही राष्ट्राच्या मालकीची राहील, याला संविधानिक संरक्षण हवे. मंत्रिमंडळाच्या एका बैठकीत पस्तीस वर्षांसाठी मार्ग लिहून देता येऊ नयेत. ही मागणी आपली नवी नाही, ती १९४७ पासून कागदावर आहे.

दुसरी : सफाई, धुलाई, खानपान यांसारखी बारमाही कामे कंत्राटातून काढून कायम पदांत आणा. आणि तोवर, सरकारी पैशातून दिलेल्या प्रत्येक कंत्राटात आरक्षण लागू करा. पैसा सार्वजनिक असेल तर प्रतिनिधित्वही सार्वजनिक हवे.

तिसरी : सफाईच्या कामात एकाच जातीचे लोक आणि कार्यालयातल्या वरच्या खुर्च्यांवर दुसऱ्याच जातींचे लोक, ही वाटणी मोडा. श्रेणीनिहाय, विभागनिहाय सामाजिक आकडेवारी दरवर्षी संसदेत ठेवा. गँगमनच्या मुलाला इंजिनिअरच्या पदापर्यंत जाण्याची वाट खुली आहे की नाही, हे त्यातून कळेल.

चौथी : प्रत्येक लांब पल्ल्याच्या गाडीत विनाआरक्षित डब्यांची किमान संख्या कायद्याने ठरवा.

आणि हे सगळे मागण्यासाठी दिल्लीची वाट पाहायची गरज नाही. तुमच्या विभागीय रेल्वे कार्यालयाकडे माहिती अधिकारात अर्ज करा. बिंदुनामावली मागा. अनुशेष किती वर्षांचा आहे ते विचारा. तुमच्या स्थानकाच्या सफाईचे कंत्राट किती रकमेचे, किती मजुरांचे आणि त्यांना किमान वेतन मिळते का, ते विचारा. उत्तर आले की ते वस्तीतल्या फळ्यावर लावा. रेल्वेतल्या अनुसूचित जाती-जमाती कर्मचारी संघटनांकडे जा, त्यांच्याकडे वर्षानुवर्षांची कागदपत्रे आहेत आणि त्यांना बाहेरून साथ देणारे तरुण हवे आहेत. डाव्या युनियनांच्या खासगीकरणविरोधी मोर्च्यातही जा, पण तिथे मनमाडचे भाषण घेऊन जा.

मनमाडमध्ये बाबासाहेबांनी दोन शत्रू सांगितले होते. खासगीकरणाला विरोध न करणारा पहिल्या शत्रूशी लढतो आणि दुसऱ्याला घरात घेतो. राष्ट्रीयीकरणावर समाधान मानणारा दुसऱ्याशी लढतो आणि पहिल्याला स्टेशनमास्तरच्या खुर्चीत बसवतो. आपल्याला दोघांशीही एकाच वेळी लढायचे आहे. म्हणून जो कोणी रेल्वेवर बोलायला येईल, मग तो सरकारी पक्षाचा असो, विरोधी असो की युनियनचा, त्याला दोन्ही प्रश्न एकत्र विचारा : मालकी कोणाची राहणार, आणि झाडू कोणाच्या हातात राहणार?

जय भीम! जय संविधान!